डावा मागचा स्पीकर

घरात थिएटर उभं करायला पैसा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे नुसता पैसा असतो, डोकं नसतं!

हे वाक्य मी त्या रविवारी सकाळी बायकोला, म्हणजे वैष्णवीला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. तिने पिठावर एक थाप जरा जास्तच जोरात मारली. मी ती टाळी समजलो.

तुम्हीच सांगा, त्या ऑनलाइन सिनेमावाल्यांची वर्गणी आपण भरतोच की नाही? सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘फाइव्ह पॉइंट वन’ लिहिलेलं असतं. म्हणजे पाच दिशांनी आवाज आणि वर छातीत धडधड करणारा एक दणक्या! हे सगळं रोज आपल्या घरापर्यंत येऊन उभं असतं, आणि आपण ते टीव्हीच्या पाठीवरच्या दोन टिकल्यांएवढ्या स्पीकरांतून ऐकतो! पंगतीत पंचपक्वान्नं वाढलेली असावीत आणि आपण नुसतं मीठ चाटून उठावं, तसं!

पण मला हे आत्ताच का सुचलं? तर सासूबाईंमुळे.

माझ्या सासूबाई बजाबाई दुधनीच्या. एक डोळा आधीच अधू, दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की समोरून जावई आला काय आणि म्हैस आली काय, त्यांना एकच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोलापुरात करा आणि महिनाभर इथंच ठेवा, थेंब वेळेवर पडले पाहिजेत. पण सासूबाई राहायला तयार होईनात!

“लेकीच्या घरी म्हैनाभर? बया! आन् तुमी दोगं हापिसात गेल्यावर मी काय भितीसंगट बोलू व्हय?”

सासरे महिपतीमामा त्यांना तपासायला घेऊन शनिवारी आले होते, रविवारी संध्याकाळी परत निघणार होते. वैष्णवीचा जीव टांगणीला लागला होता. आई एकदा दुधनीला गेली की पुन्हा यायची नाही, आणि तो डोळा तसाच जाणार. ती रात्रभर कूस बदलत होती, आणि मी शेजारी पडून विचार करत होतो. पहाटे मला साक्षात्कार झाला. डोळ्यांना दिसत नाही ना? मग कानांना मेजवानी देऊ! असा आवाज ऐकवू की सासूबाई म्हणतील, जावईबापू, आता महिनाभर काय, वर्षभर हलत नाही!

वैष्णवी म्हणाली, “तुम्ही फक्त तिच्याशी दोन शब्द नीट बोलला असता तरी चाललं असतं.”

बायकांना तंत्रज्ञान कळत नाही, दुसरं काय!

माझा शाळासोबती आरिफ मकदूम याचं विजापूर वेशीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेला एक होम थिएटरचा संच धूळ खात पडला होता. फोन केला तसा तो संच स्कूटरवर बांधून हजर झाला.

“घे बे, नुसती अडगळ झाली होती. पण दणक्याचं काय सांगता येत नाही हां. कधी वाजतो, कधी रुसतो.”

मग आम्ही दोघं कामाला लागलो. तीन स्पीकर समोर, दोन सोफ्याच्या मागे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून आवाज ‘स्टीरिओ’वरून ‘पासथ्रू’वर टाकला, म्हणजे आलेला आवाज जसाच्या तसा थेट स्पीकरांकडे. डाव्या मागच्या स्पीकरला वायर पुरेना. आरिफने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ दारावरच्या बेलची वायर उपटली!

“अरे, बेल!”

“बेलला कोण विचारतं बे? ज्याला यायचंय तो दार वाजवतो की!”

मला पटलं. काटकसर म्हणतात ती हीच.

मग आवाज घुमू लागला. आरिफ म्हणाला, उघड्या भिंती झाक, कापड लाव. आता सोलापुरात लग्न केलेल्या माणसाच्या घरी दुसरं काही नसेल, पण चादरींना काय तोटा! जेवणाआधीच मी लग्नात आलेल्या सगळ्या चादरी पेटीतून काढल्या. निम्म्या भिंतींवर आणि खिडक्यांवर टांगल्या, उरलेल्या आतल्या खोलीत पलंगावर टाकल्या. हॉलला लागून मागची गॅलरी आहे, तिचं दार सताड उघडं होतं. रस्त्यावरच्या रिक्षांचा गोंगाट तिथूनच येत होता. जेवण उरकल्यावर मी ते दार ओढलं, कडी घातली, त्यावर वाघाच्या चित्राची जाड चादर टांगली आणि त्यासमोर उंच स्टुलावर डावा मागचा स्पीकर ठेवला. अगदी दाराला चिकटून!

एक गोष्ट मी केली नाही. दार ओढताना गॅलरीत डोकावलो नाही. तिथं, पाण्याच्या पिंपाआड, सासूबाई उकिडव्या बसून वाळत घातलेल्या लाल मिरच्या वरखाली करत होत्या.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं! जेवण झाल्यावर “मी पडती जरा” म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या होत्या, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पलंगावर जागाच नाही म्हणून त्या माघारी वळल्या आणि वायरींत डोकं घातलेल्या आमच्या मागून गॅलरीत गेल्या, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“मामींना झोपू दे,” मी म्हणालो. “आधी मामांना दाखवू. जमलं की मामींना उठवू.”

मामांना मी सोफ्याच्या बरोबर मध्यभागी बसवलं. मामांची दुधनीच्या बाजारात तुरीची आडत होती. त्यांचा आवाजच असा की त्यांना स्पीकरची गरज नाही. माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं नव्हतं. लग्नापासून एकच प्रश्न ते मला विचारत आले होते, “हापिसात नक्की काय करता तुमी?” आज उत्तर मिळणार होतं.

सिनेमा निवडला खाणीत अडकलेल्या मजुरांचा. मराठीत डब केलेला! दिवे बंद केले. चादरींमुळे भर दुपारी हॉलमध्ये असा काळोख झाला की आरिफ टीपॉयला अडखळला.

आणि सुरू झालं! समोर दरड कोसळली. दणक्याचा मूड होता, तो वाजला. मामांच्या हातातली सुपारी उडाली. उजवीकडून पाणी ठिबकू लागलं, मागून दगड घरंगळले. मामा मान वळवून वळवून मागे बघत होते.

“लई भारी हाय की हो जावईबापू!”

लग्नानंतर पहिल्यांदा! मी काळोखात वैष्णवीकडे पाहिलं. तिने ओठ मुडपले, पण हसली.

तेवढ्यात डाव्या मागच्या स्पीकरमधून धाड धाड दार वाजलं.

“बघा, बघा!” मी ओरडलो. “कसं अगदी पाठीमागे वाजल्यासारखं!”

“क्या बात है!” आरिफ म्हणाला. “दुकानात असला आवाज नव्हता बे याचा!”

धाड धाड धाड! आणि मग एक बाई आर्त स्वरात ओरडली, “आरं, कुनी हाय का? दार उगडा की!”

मी थक्क झालो. डबिंगवाल्यांनी काय मेहनत घेतली होती! एका मजुराच्या बायकोला चक्क आपल्या भागातली बोली दिली होती! असली बारकाई मोठ्या थिएटरातसुद्धा कळत नाही, ती माझ्या घरात कळत होती!

मामांनी कान टवकारले. “ही बाई आमच्या हिच्यावानी वरडती की.”

“हीच तर कमाल आहे मामा! आवाज इतका जवळचा वाटतो की आपलंच माणूस वाटावं!”

वैष्णवी मात्र उठली. “मला आईने हाक मारल्यासारखं वाटलं.” ती आतल्या खोलीपर्यंत गेली, दार किलकिलं करून डोकावली. पलंगावर मी टाकलेल्या चादरींचा ढीग होता. त्या अंधारात तो ढीग डोक्यावरून पांघरूण घेतलेल्या माणसासारखा दिसला. ती दार हलकेच लोटून परत आली.

“गाढ झोपलीय,” ती म्हणाली.

“आरं इंदरजितराव!” मागून आवाज आला.

माझं नाव इंद्रजित. सिनेमातही एक इंद्रजित? असेल बुवा. नाव काही मी एकट्याने घेतलेलं नाही. तरी मी आवाज थोडा वाढवला, म्हणजे भीती कमी होईल.

मग दुसरी बाई आली. ही उजवीकडून, लांबून, आणि कन्नडमध्ये! “यारव्वा निन्न कूडी हाकिदवरु?”

“आरिफ, भाषा बदलली रे!”

“तूच रिमोटवर बसलायस बे!”

मी बसल्या जागेवरून उठलो. रिमोट खरंच माझ्याखाली होता. मी सेटिंग उघडली. भाषा मराठीच दाखवत होती! बंद करून परत मराठी केलं. तरी मागच्या दोघी बाया कन्नडमध्ये बोलतच होत्या, आणि पडद्यावरचे मजूर मराठीत. सगळ्या घराच्या आशा या डब्यावर होत्या आणि डब्याला वेड लागलं होतं!

मामांना मात्र गोडी लागली होती. दुधनीचा माणूस, कन्नड त्यांना घरची. ते हात वर करून आम्हाला गप्प करत म्हणाले, “थांबा, मी सांगतो. ती लांबची इचारती, कुनी कोंडलं गं तुला?”

“मग?” आरिफ पुढे सरकला.

“हिकडची म्हंती, जावयानं!”

“जावयानं?” आरिफ मांडीवर थाप मारत म्हणाला. “म्हणजे खाणीचा मालक जावई निघाला! मला वाटलंच होतं!”

“लांबची म्हंती, मी तुमच्या दाराशी जाऊन बेल दाबली, वाजंना. दार वाजवलं तर आतली मान्सं वा वा म्हनत्यात.” मामांनी चुकचुकत मान हलवली. “काय एकेक जावई असतोय! जिवंत मानसाला कोंडून आत बसून वा वा करतोय! असल्याला चौकात...”

आणि तेवढ्यात नेट गेलं.

पडदा थांबला. एका मजुराचं उघडं तोंड तसंच राहिलं, आणि त्याच्या तोंडावर ते गोल चक्र फिरू लागलं. समोरचे स्पीकर गप्प. दणक्या गप्प. हॉलमध्ये शांतता.

आणि डाव्या मागच्या स्पीकरमधून आवाज आला, “जरा हात धर गं बाई. पडीन न्हाय तर.”

चक्र फिरत होतं.

“आई!” वैष्णवी किंचाळली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मी स्टुलावर झेपावलो. स्पीकर आरिफच्या पायावर पडला. आरिफ एका पायावर उड्या मारत उर्दूत कुणाकुणाला आठवत होता. मामांनी वाघाची चादर ओढली ती दांडीसकट माझ्या डोक्यावर आली. मी आत चाचपडत कडी शोधतोय, वैष्णवी बाहेरून माझ्या पाठीत बुक्क्या मारतेय, “उघडा! उघडा आधी!” कडी निघाली. दार उघडलं.

गॅलरी रिकामी!

उन्हात पसरलेल्या लाल मिरच्या, पाण्याचं पिंप, आणि एक चप्पल. एकच!

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. मी कठड्यावरून खाली वाकलो तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडायचं धाडस होईना. “काय दिसतंय?” वैष्णवी विचारत होती, “बोला ना, काय दिसतंय?” मी एक डोळा उघडला. खाली आमची स्कूटर होती आणि तिच्या सीटवर एक मांजर. बास. इतकं सुंदर मांजर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं!

“मग गेली कुठं?” वैष्णवी रडायला लागली. “तिला धड दिसत नाही हो!”

मामांचा तो तुरीच्या बाजारात गाजलेला आवाज कुठं गडप झाला होता कुणास ठाऊक. ते नुसते त्या चप्पलेकडे बघत होते. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, “मी वळखलं हुतं. आवाज वळखला हुता मी.” आणि भिंतीला टेकले.

आणि तेव्हाच मला भिंतीवरचं ते दिसलं. आमच्या आणि शेजारच्या गॅलरीच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर पाच बोटांचा लालभडक पंजा उमटला होता!

मी मिरच्यांतच बसलो.

मामा पुढे झाले. त्यांनी बोटाने तो पंजा पुसला, बोट नाकाशी नेलं, आणि अशी शिंक दिली की खालचं मांजर पळून गेलं!

“मिरची हाय!” मामा ओरडले. आवाज परत आला होता. “शेजारी! शेजारी गेली ती!”

आम्ही चौघं जिन्यात धावलो. म्हणजे तिघं धावलो आणि आरिफ लंगडला. शेजारच्या चन्नम्माबाईंच्या दारावर आम्ही चौघांनी एकदमच मुठी आपटल्या.

या चन्नम्माबाई अक्कलकोटकडच्या. मुलगा पुण्याला, घरात एकट्या. इतकी वर्षं शेजारी राहून माझं त्यांच्याशी बोलणं पाण्याची टाकी भरली की नाही, याच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “हळू. कान फुटते.”

आत पंख्याखाली खुर्चीवर सासूबाई! पायात एक चप्पल, हातात ताकाचा पेला. समोर एवढासा जुना टीव्ही, त्यावर कसली तरी कन्नड मालिका.

वैष्णवी त्यांच्या गळ्यात पडली. ताक सांडलं. मामा दारातच उभे राहून दोनदा खाकरले आणि म्हणाले, “मिरच्या हलवायला आत्ताच जायाचं हुतं व्हय?”

“मग काय वाळून तशाच राहू द्यायच्या?” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी उभ्या आरिफकडे बघून म्हणाल्या, “जावईबापू, मी जीव तोडून वरडत हुते, आन् तुमी आतनं म्हनता, बघा बघा!”

“मामी, मी इकडं आहे,” मी म्हणालो.

“तितं काय आन् हितं काय. सारकंच.”

मी त्यांच्या पायाशी बसलो. “मामी, चुकलं माझं,” मी म्हणालो. “तुम्हाला ऐकवायला म्हणूनच ते सगळं मांडलं होतं. तुम्ही राहावं म्हणून.”

सासूबाईंनी मिरचीचा हात पदराला पुसला.

“मला कुटं काय ऐकायचं हुतं रं लेका,” त्या म्हणाल्या. “मला बोलायचं हुतं.”

चन्नम्माबाईंनी त्यांच्या हातात ताकाचा दुसरा पेला दिला आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. सासूबाईंनी उत्तर दिलं. मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मामा मध्येच “हूं, हूं” करत होते, आणि आम्ही तिघं टेनिसची मॅच बघितल्यासारखे माना हलवत होतो. शेवटी वैष्णवीने न राहवून विचारलं, “काय ठरलं?” दुधनीची पोर, पण शिक्षण सगळं पुण्यात मावशीकडे. कन्नड तिला जेवणाखाण्यापुरतंच.

“ऱ्हाते म्हंती,” मामा म्हणाले. “आपरेशन करून घेती. म्हैनाभर ऱ्हाती.”

“आई!” वैष्णवीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! कसाही का होईना, उद्देश सफल झाला होता की नाही? मी उठून म्हणालो, “मामी, मी आत्ता जाऊन पलंगावरच्या चादरी काढतो!”

“ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “तुमच्याकडं न्हाय. हितं ऱ्हाती म्हंती, चन्नम्माकडं.”

तसंच झालं. ऑपरेशन छान झालं. वैष्णवी सकाळ-संध्याकाळ तिकडे जाते आणि हसत परत येते. त्या दोघी म्हाताऱ्या दिवसभर इतकं बोलतात की चन्नम्माबाईंनी टीव्ही लावणंच सोडलंय. आरिफने संच परत नेला. पायाला प्लास्टर असल्यामुळे रिक्षाने नेला, आणि रिक्षाभर माझ्याशी फोनवर भांडत नेला.

दुपारचे थेंब घालायला ऑफिसातून मी येतो. दार उघडताच सासूबाई चन्नम्माबाईंना कन्नडमध्ये दोन शब्द सांगतात, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटतात. रोज तेच दोन शब्द! वैष्णवी म्हणते, तुमचं कौतुक करत असतील. मामांना फोनवर विचारलं तर त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी मी ते दोन शब्द तोंडपाठ केले आणि ऑफिसातल्या मल्लव्वा मॅडमना त्यांचा अर्थ विचारला. मॅडम आमच्या ऑफिसात सगळ्यात गंभीर बाई. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा म्हणून दाखवा म्हणाल्या. मी म्हणून दाखवले. त्या उठल्या आणि तोंडावर रुमाल धरून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

आता साहेबही मला त्याच नावाने हाक मारतात, आणि मी केबिनमध्ये शिरलो की आधी दाराची कडी बघतात.